शेंडेनक्षत्र दिसले तर भिऊ नका, नीट पाहा

हिवाळ्याची रात्र आहे. दोन वाजले आहेत. शेताची वीज रात्रीची, म्हणून तुम्ही गव्हाला पाणी द्यायला आला आहात. मोटार चालू केली. पाणी पाटाने वाहू लागले. वाफा भरेपर्यंत तुम्ही बांधावर टेकलात. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी, आणि डोक्यावर सगळे आभाळ.

अशा वेळी आभाळाकडे कोण पाहत नाही? म्हातारीची बाज दिसते. बाजेमागे लागलेले तीन चोर दिसतात. पश्चिमेकडे कललेले तिकांडे दिसते. हे सारे तुमच्या ओळखीचे. बापाने दाखवले, त्याला त्याच्या बापाने दाखवले.

पण एखाद्या वर्षी काहीतरी वेगळेच दिसते. तारा आहे, पण धुरकट. बोंडातून कापूस ओढावा तसा त्यातून पांढरा पट्टा निघालेला. काल तो बाजेजवळ होता. आज जरा सरकला आहे.

सकाळी तुम्ही पारावर ही गोष्ट सांगता. एक म्हातारा म्हणतो, "अरे, हे तर शेंडेनक्षत्र! आता काही खरं नाही. दुष्काळ पडंल, नाहीतर रोगराई येईल." दुसरा म्हणतो, "शांत करा. कोंबडं द्या, बोकड द्या." तिसरा म्हणतो, "माझ्या ओळखीचा एक जण आहे, पाचशे रुपयांत ताईत देतो."

मंडळी, थांबा. बोकड विकत घेण्याआधी हे चार शब्द वाचा. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. भीती घालणारा आपल्याला काय सांगतो ते ऐकायचे, आणि खरे काय आहे ते आपल्या डोळ्यांनी वाचून पाहायचे. वाचायला शिकलो ते यासाठीच.

शेंडेनक्षत्र म्हणजे काय?

पुस्तकात त्याला धूमकेतू म्हणतात. धूम म्हणजे धूर. केतू म्हणजे झेंडा. धुराचा झेंडा, तो धूमकेतू. आपल्या लोकांना त्याला शेंडी दिसली, म्हणून आपण म्हणालो शेंडेनक्षत्र. दोन्ही नावे पाहून ठेवलेली आहेत. दोन्ही चांगली आहेत.

पण तो तारा नाही, आणि नक्षत्रही नाही. तारे म्हणजे लांबचे सूर्य. ते स्वतःच्या उजेडाने जळतात. धूमकेतू हा बर्फ, माती आणि दगड यांचा एक मोठा गोळा असतो. पावसाळ्यात गारा पडतात ना? समजा, पुष्कळ गारा, चुलीतली राख आणि काळी माती एकत्र कालवली आणि तिचा डोंगराएवढा गोळा केला. धूमकेतूचा गाभा साधारण असा असतो. फ्रेड व्हिपल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० साली हे प्रथम नीट मांडले. पुढे माणसाने यान पाठवून ते पाहिलेही.

१९८६ सालच्या मार्च महिन्यात युरोपातल्या देशांचे 'जोत्तो' नावाचे यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेले. गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरापर्यंत ते पोहोचले, आणि जवळ जाता जाता त्याने फोटो काढले. गाभा निघाला सुमारे १५ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद. जळगाव ते भुसावळ जेवढे अंतर, त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. बस्स, एवढाच! आणि रंग कोळशासारखा काळा. आकाशात एवढे मोठे पांढरे शेपूट मिरवणारा हा पाहुणा आतून काळाकुट्ट आणि लहानसा आहे.

शेपूट कुठून येते?

हा बर्फाचा गोळा बराच काळ सूर्यापासून फार लांब असतो. तिथे कडाक्याची थंडी. त्यामुळे तो गोठलेला, गुपचूप असतो. शेपूट नसते, काही नसते. आपल्याला तो दिसतही नाही.

तो सूर्याभोवती लांबट वाटेने फिरतो. फिरत फिरत सूर्याजवळ आला की उन्हाने तापतो. बर्फाची एकदम वाफ होते. वाफेबरोबर आतली धूळ बाहेर उडते. गाभ्याभोवती वाफेचा आणि धुळीचा मोठा ढग तयार होतो. हे त्याचे डोके. त्या ढगातून शेपूट निघते.

आता एक प्रश्न. शेपूट कोणत्या बाजूला निघते?

बैलगाडी फुफाट्यातून चालली की धूळ गाडीच्या मागे राहते. तसे धूमकेतूचे शेपूटही मागे राहत असेल असे वाटते. पण तसे नाही. खळ्यावरची उफणणी आठवा. वारा ज्या बाजूने येतो, त्याच्या विरुद्ध बाजूला भूस उडते. माणूस इकडे तोंड करून उभा राहो की तिकडे, भूस आपली वाऱ्याबरोबर जाते. धूमकेतूचेही असेच आहे. तिथे वारा सूर्याकडून येतो. सूर्याचा उजेड आणि सूर्यातून सतत बाहेर पडणारे बारीक कण यांचा तो रेटा. म्हणून शेपूट नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते. धूमकेतू सूर्याकडे येत असला तर शेपूट मागे. सूर्यापासून परत जायला निघाला की शेपूट पुढे आणि डोके मागे!

उफणताना दाणा जवळ पडतो आणि भूस लांब जाते. धूमकेतूलाही पुष्कळदा दोन शेपटे दिसतात. एक धुळीचे, पिवळसर आणि जरा वाकलेले. दुसरे वायूचे, निळसर आणि सरळ. धूळ जड, ती सावकाश सरकते. वायू हलका, तो थेट उडतो.

हे शेपूट कोट्यवधी किलोमीटर लांब असू शकते. पण ते इतके विरळ असते की त्यातून पलीकडचे तारे दिसतात. पहाटेचे धुकेसुद्धा त्याच्यापेक्षा पुष्कळ दाट.

तुटता तारा वेगळा, धूमकेतू वेगळा

पुष्कळांचा इथे घोटाळा होतो. आभाळातून एक रेघ सर्रकन ओढली जाते आणि क्षणात विझते. तो तुटता तारा. त्याला उल्का म्हणतात. ती असते वाळूच्या कणाएवढी किंवा हरभऱ्याएवढी. आपल्या हवेत शिरली की ती जळते.

धूमकेतू असा पळत नाही. तो जागच्या जागी उभा दिसतो. इतर ताऱ्यांबरोबर उगवतो आणि मावळतो. दुसऱ्या दिवशी पाहावे तर ताऱ्यांमधून थोडासा सरकलेला असतो. असा तो काही दिवस, कधी काही महिने दिसत राहतो.

पण या दोघांचे नातेही आहे. धूमकेतू आपल्या वाटेवर धूळ सांडत जातो, जसे कापसाने भरलेली गाडी वाटेवर कापूस सांडत जाते. दरवर्षी ठरलेल्या दिवशी पृथ्वी त्या वाटेवरून जाते. मग ती धूळ आपल्या हवेत जळते आणि पुष्कळ उल्का दिसतात. हॅलेच्या धूमकेतूची धूळ वर्षातून दोनदा दिसते. एकदा आखाजीच्या आगेमागे, मे महिन्याच्या ५–६ तारखेला पहाटे. दुसऱ्यांदा २१ ऑक्टोबरच्या सुमारास, मध्यरात्रीनंतर, मृग नक्षत्राच्या बाजूने. धूमकेतू स्वतः घरी नसला तरी त्याची धूळ आपल्याला दर साल भेटते.

आपल्या खानदेशातला मठ

कुणी म्हणेल, ताऱ्यांचा अभ्यास हे शहरातल्या शिकलेल्या लोकांचे काम. आपल्या खानदेशाला त्याचे काय?

चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. पुष्कळ जण तिथे दर्शनाला गेले असतील. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे. तो १२०७ सालचा आहे. त्यात थोर गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याची हकिगत कोरलेली आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा गणिताचा आणि ग्रहगोलांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. मठासाठी कुणी काय द्यायचे, तेही त्या लेखात आहे. लेखाचा तेवढा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे.

म्हणजे पाहा. आठशे वर्षांपूर्वी आपल्या जळगाव जिल्ह्याच्या डोंगरात ग्रह-ताऱ्यांचे गणित शिकवले जात होते. आभाळ पाहणे हे आपल्याला परके नाही.

त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, उज्जैनकडे वराहमिहिर होऊन गेले. त्यांनी धूमकेतूंवर एक पूर्ण अध्याय लिहिला. त्यांनी शकुन-अपशकुनही सांगितले. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवली. धूमकेतू कधी उगवेल आणि कधी मावळेल, हे गणिताने सांगता येत नाही, असे ते म्हणाले. त्या वेळेला ते खरेच होते. सूर्य-चंद्राचे ग्रहण आधी सांगता येई. धूमकेतू मात्र न सांगता यायचा.

भीतीचे मूळ इथेच आहे. जो न सांगता येतो, त्याची धास्ती वाटते. ज्याची तारीख माहीत असते, त्याची कशाला वाटेल?

हिशेब कसा जमला?

धूमकेतूची तारीख माणसाने कशी काढली, ती गोष्ट ऐका.

इंग्लंडमध्ये एडमंड हॅले नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी जुन्या नोंदी काढल्या. १५३१ साली एक धूमकेतू आला होता. १६०७ साली एक आला होता. १६८२ साली आलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. तिघांच्या वाटा त्यांनी गणिताने तपासल्या. तिन्ही वाटा जवळजवळ एकच! मधली वर्षे मोजली तर ७५–७६. हॅलेंनी ताडले की हे तीन धूमकेतू नाहीत. हा एकच आहे, फेरी मारून परत येतो. १७०५ साली त्यांनी हे छापले. पुढे सांगितले, तो १७५८ च्या सुमारास परत येईल.

हॅले १७४२ साली वारले. धूमकेतू परत आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१७५८ साल उजाडले. फ्रान्समध्ये तिघांनी हिशेब पुन्हा नीट करायला घेतला. त्यांत एक बाई होत्या. त्यांचे नाव निकोल लपोत. गुरू आणि शनी हे मोठे ग्रह धूमकेतूला ओढतात. त्यामुळे त्याला किती उशीर होईल, हे काढायचे होते. महिनोन् महिने ही माणसे सकाळपासून रात्रीपर्यंत आकडे मांडत बसली. तेव्हा यंत्र नव्हते. सगळा हिशेब हाताने. उत्तर आले की धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्याला सूर्याच्या सर्वांत जवळ असेल, महिनाभर मागेपुढे.

आता सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागले. पॅरिसमध्ये शार्ल मेसिए नावाचे निरीक्षक वर्षाहून जास्त काळ रोज रात्री त्याला शोधत होते. मोठ्या शहरांतून मोठ्या दुर्बिणी लागल्या होत्या.

आणि तो पहिल्यांदा दिसला कुणाला? एका शेतकऱ्याला!

शेतकऱ्याचा धूमकेतू

जर्मनीत ड्रेस्डेन शहराजवळ प्रोहलिस नावाचे खेडे होते. तिथे योहान पालिच नावाचा शेतकरी राहत असे. दिवसा तो शेत करी. रात्री तारे पाही. ताऱ्यांची विद्या तो आपली आपणच शिकला होता. पुस्तके जमवली, वाचली. दुर्बीण मिळवली.

२५ डिसेंबर १७५८ ची रात्र होती. पालिचने दुर्बीण लावली. ओळखीच्या ताऱ्यांमध्ये त्याला एक धुरकट ठिपका दिसला. तो आधी तिथे नव्हता. मोठमोठे निरीक्षक ज्याला शोधत होते, तो हाच. पॅरिसच्या मेसिएंना तो त्यानंतर जवळजवळ महिन्याने, २१ जानेवारी १७५९ ला सापडला.

पालिचला तो का सापडला? रोजचे आभाळ त्याच्या पाठ होते म्हणून. आपल्या गोठ्यात नवे वासरू शिरले तर तुम्हाला ते लगेच कळते. आपली गुरे तुम्ही रोज पाहता. पालिचचे ताऱ्यांशी तसेच होते.

हिशेब खरा ठरला. मार्च १७५९ मध्ये धूमकेतू सूर्याजवळून गेला. तीन हिशेबनिसांनी सांगितलेल्या वेळेत फक्त एका महिन्याचा फरक पडला. वराहमिहिरांना जे अशक्य वाटले होते ते शक्य झाले. त्या धूमकेतूला हॅलेचे नाव मिळाले. तो १८३५ ला आला, १९१० ला आला, १९८६ ला आला. पुढे २०६१ साली येणार आहे. आज तुमच्या घरात पाळण्यात असलेले पोर तो पाहील. त्याला आत्ताच सांगून ठेवा.

पालिचसारखी साधी माणसे पुढेही झाली. जपानमध्ये काओरू इकेया हा पोरगा पियानोच्या कारखान्यात कामाला होता. त्याने स्वतःच्या हाताने दुर्बीण बनवली. १९६३ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, त्याने नवा धूमकेतू शोधला. १९६५ साली त्याने आणि त्सुतोमू सेकी यांनी एकाच दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणांहून, आणखी एक शोधला. तो गेल्या शतकातल्या सर्वांत तेजस्वी धूमकेतूंपैकी एक ठरला. अमेरिकेतल्या टॉमस बॉप यांच्याकडे तर स्वतःची दुर्बीणही नव्हती. १९९५ च्या जुलैत मित्राच्या दुर्बिणीतून पाहताना त्यांना हेल–बॉप धूमकेतू दिसला.

आपल्या देशाचेही नाव आहे. वेणू बाप्पू हे भारतीय तरुण अमेरिकेत शिकत होते. १९४९ साली फोटोच्या काचेवर त्यांना नवा धूमकेतू सापडला. त्याला त्यांचे आणि त्यांच्या दोन सोबत्यांचे नाव दिले आहे.

आजकाल बहुतेक नवे धूमकेतू यंत्रावर चालणाऱ्या दुर्बिणी शोधतात. तरी हौशी माणसाची पाळी संपलेली नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या हिदेओ निशिमुरा यांनी साध्या कॅमेऱ्याने फोटो काढून नवा धूमकेतू पकडला.

मग अपशकुनाचे काय?

१९१० साली हॅलेचा धूमकेतू आला. शास्त्रज्ञांनी सांगितले की मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटाच्या वाटेवरून जाईल. शेपटात थोडा विषारी वायू आहे, असेही कळले. झाले! युरोप-अमेरिकेत घबराट उडाली. लोकांनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या. काही लबाड लोकांनी 'धूमकेतूवरच्या गोळ्या' विकल्या आणि पैसे केले. शिकलेल्या देशांत हे झाले, बरं का! १९ मेचा दिवस आला आणि गेला. कुणालाही काही झाले नाही. शेपूट इतके विरळ की त्याचा वाससुद्धा आला नाही. ज्यांनी गोळ्या घेतल्या तेही जगले, ज्यांनी घेतल्या नाहीत तेही जगले. फरक एवढाच, की गोळ्या घेणाऱ्यांचे पैसे गेले.

आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला. जुनी माणसे अजून त्याची आठवण काढतात. खडी फोडायला गेलो, मिलोची भाकर खाल्ली, असे सांगतात. त्या वर्षी आकाशात कोणता मोठा धूमकेतू झळकत होता? कोणताही नाही. उलट १९९७ साली हेल–बॉप आला. मार्चमध्ये पहाटे ईशान्येला आणि एप्रिलमध्ये संध्याकाळी वायव्येला, सातपुड्याच्या अंगाला, नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसला. ते वर्ष आपण स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव म्हणून साजरे केले.

खरी गोष्ट अशी. जगात दर वर्षी कुठे ना कुठे पूर येतो, दुष्काळ पडतो, लढाई होते. धूमकेतू दिसला की आपण ते त्याच्या नावावर घालतो. नाही दिसला, तर घालत नाही. चोर दुसराच आणि पकडायचे वाटसरूला, असा हा न्याय आहे.

दुष्काळ शेंडेनक्षत्राने येत नाही. त्याचा इलाज बोकडात नाही. पाणी अडवणे, विहिरीत पाणी मुरवणे, बी-बियाणे जपणे, यांत आहे. रोगराईचा इलाज स्वच्छ पाण्यात आणि लसीत आहे. ताईतापायी गेलेले पाचशे रुपये पोराच्या वह्या-पुस्तकांना आले असते.

कुणी विचारेल, "पण तो आपल्यावर आदळला तर?" प्रश्न खोटा नाही. १९९४ च्या जुलैमध्ये एका धूमकेतूचे तुकडे गुरू ग्रहावर आदळले. सगळ्या जगाने ते पाहिले. पण गुरू फार मोठा आहे, तो अशांना ओढून घेतो. पृथ्वीवर मोठा धूमकेतू आदळणे ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. आणि आज जगभरच्या दुर्बिणी रोज रात्री त्यावर पहारा ठेवून आहेत. आपल्या शेताला जशी राखण, तशी ही पृथ्वीची राखण आहे.

आता पाहायचे कसे?

२०२४ सालच्या ऑक्टोबरात एक धूमकेतू आला होता. त्याचे नाव त्सुचिनशान–ॲटलास. १२ ऑक्टोबरला, म्हणजे दसऱ्याच्याच दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. जवळ म्हणजे सुमारे ७ कोटी किलोमीटर! त्यानंतर काही दिवस सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, शुक्राच्या चांदणीच्या उजव्या हाताला तो दिसे. पण तेव्हा कोजागिरीचा चंद्र जवळ आला होता. चांदण्यात तो फिका पडला. शिवाय ज्यांना कुठे पाहायचे ते ठाऊक नव्हते, त्यांना तो दिसलाच नाही. म्हणून या गोष्टी आधीच शिकून ठेवा.

पहिली गोष्ट, बातमी. मोठा धूमकेतू येणार असला की वर्तमानपत्रात आणि रेडिओवर सांगतात. दिवस, वेळ आणि दिशा वहीत लिहून घ्या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश पाहायला शिकवते आहे. गावातल्या शाळेच्या गुरुजींना किंवा बाईंनाही विचारा.

दुसरी गोष्ट, अंधार. चंद्र नसलेली रात्र निवडा. गावातल्या खांबावरच्या दिव्यापासून लांब जा. शेताचा बांध, नदीचा काठ, उंच टेकाड चांगले. मात्र एकटे जाऊ नका. पायात जोडे घाला, हातात काठी ठेवा, विहिरीच्या कडेला जाऊ नका. वर पाहत चालताना खालचे दिसत नाही. आधी पाय, मग आभाळ.

तिसरी गोष्ट, डोळे. अंधारात गेल्यावर वीस मिनिटे थांबा. मग डोळे उघडतात आणि बारीक तारे दिसू लागतात. मधेच मोबाइल पाहिला की सगळी मेहनत वाया. बॅटरीवर लाल कापड बांधा. पुसट वस्तूकडे थेट टक लावू नका. तिच्या जरा बाजूला पाहा. डोळ्याच्या कोपऱ्याने पुसट वस्तू जास्त चांगली दिसते.

चौथी गोष्ट, माप. हात लांब करा आणि मूठ वळा. एका मुठीची रुंदी आभाळात सुमारे १० अंश. आपल्या जळगाव-धुळ्याकडे ध्रुवतारा उत्तरेला जमिनीपासून साधारण दोन मुठी वर दिसतो. आज रात्री मोजून पाहा. हे माप जमले की धूमकेतू कुठे आहे हे तुम्ही कुणालाही सांगू शकता. "शुक्राच्या उजवीकडे दोन मुठी, जमिनीपासून एक मूठ वर." बस्स.

पाचवी गोष्ट, वही. तारीख लिहा, वेळ लिहा, आसपासचे तारे काढा आणि त्यात तो ठिपका मांडा. शेपूट कोणत्या दिशेला आहे तेही काढा. दुसऱ्या रात्री पुन्हा काढा. ठिपका सरकला तर तो धूमकेतू असू शकेल. सरकला नाही तर तो दुसराच कुणीतरी आहे. कृत्तिकांचा पुंजका किंवा मृगातला पुसट ढग पाहून नवे लोक फसतात.

दुर्बीण हवीच असे नाही. मोठा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शाळेत किंवा कुणाकडे दोन डोळ्यांची लहान दुर्बीण असली तर आणखी छान. पण दुर्बिणीने सूर्याकडे कधीही पाहू नका. क्षणात डोळा जातो. पश्चिमेचा धूमकेतू पाहायचा असेल तर सूर्य पुरता मावळू द्या. पूर्वेचा पाहायचा असेल तर सूर्य उगवण्याआधी दुर्बीण खाली ठेवा.

आपले आभाळ

मुंबईच्या माणसाला रात्री मोजके तारे दिसतात. तिथे दिवेच इतके, की आभाळ दिसत नाही. तुमच्या बांधावरून मात्र आकाशगंगेचा पांढरा पट्टा अजून दिसतो. हे धन तुमच्याजवळ आहे. आता गावोगाव दिवे आले. दिवे हवेतच. पण रात्रभर आभाळाकडे तोंड करून जळणारा दिवा कुणाच्या कामाचा? दिव्याचे तोंड खाली वळवा. वाट उजळेल आणि तारेही राहतील.

पालिच शेतकरी होता. वीज नव्हती, मोबाइल नव्हता, शाळेत फार शिकला नव्हता. तो वाचायला शिकला, आणि रोज रात्री वर पाहत राहिला. तुम्हीही वाचायला शिकला आहात. रात्रीचे पाणी भरायला तुम्हाला जावेच लागते. मग वाफा भरेपर्यंत वर पाहा. रोजचे तारे पाठ करा. पोरांना सोबत बसवा आणि बाज, तिकांडे, ध्रुव दाखवा.

आणि एखाद्या रात्री धुराचा झेंडा दिसलाच, तर घरातल्या सगळ्यांना उठवा. म्हातारीला हाताला धरून अंगणात आणा. सांगा, "माय, हा लांबचा पाहुणा आहे. सूर्याला फेरी मारून परत चालला आहे. भिऊ नको. नीट पाहून घे, असा पुन्हा लवकर दिसायचा नाही."

करून पाहा

१. आज रात्री ध्रुवतारा शोधा. तो जमिनीपासून किती मुठी वर आहे ते मोजा.

२. सप्तर्षी म्हणजे आपली म्हातारीची बाज. ती वहीत काढा. एक महिन्याने त्याच वेळी पुन्हा काढा. काय बदलले?

३. २१ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर तासभर आभाळ पाहा. किती तारे तुटले ते मोजून लिहा.

४. घरातल्या सर्वांत लहान मुलाचे किंवा मुलीचे वय लिहा. २०६१ साली हॅलेचा धूमकेतू येईल तेव्हा ते मूल किती वर्षांचे असेल? हिशेब करून त्याला सांगा.